नकाशात नसलेली पायवाट : पर्यटन नगरीचं नियोजन आणि गावाचा रोजचा दिवस



2024 ची दिवाळीची सुटी लागायच्या जरा आधीची गोष्ट. शाळा सुटल्यावर माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलाची आई दारात थांबली होती. कोथरूडला पोळी-भाजी केंद्रात काम करते. गृहपाठाची तक्रार असेल असं मला वाटलं. पण तिने मोबाइल पुढे केला आणि म्हणाली, "बाई, यात आमच्या माहेरच्या गावाचं नाव आलंय. भावाने पाठवलंय. काय लिहिलंय ते जरा वाचून सांगता का?"

तिचं माहेर जावळीकडचं. मोबाइलवर एक लांबलचक पीडीएफ होती. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने नवीन महाबळेश्वर गिरिस्थान प्रकल्पाची प्रारूप विकास योजना प्रसिद्ध केली होती. सातारा जिल्ह्याच्या सह्याद्रीकडच्या पट्ट्यातली 235 गावं त्यात आहेत. पर्यटन वाढावं, जुन्या महाबळेश्वर-पाचगणीवरचा ताण कमी व्हावा, असा त्यामागचा विचार.

मी डी.एड. झालेली बाई. नगररचना काही मला शिकवलेली नाही. तरी पाऊण तास आम्ही दोघी बाकावर बसून वाचत होतो. 'भूवापर', 'आरक्षण', 'पर्यटन विकास क्षेत्र' असले शब्द. शेवटी तिने एकच प्रश्न विचारला, "म्हणजे बाई, आमच्या घरच्यांचा रोजचा दिवस कसा बदलणार?"

याचं उत्तर त्या पीडीएफमध्ये नव्हतं. असल्या कागदात ते सहसा नसतंच. म्हणून मी ते आमच्या पुण्याच्याच शेजारी शोधायला गेले. जे सापडलं ते आधी वर्गात घेतलं आणि आता तुमच्यासमोर मांडतेय. परिसर अभ्यासात 'पाणी', 'नकाशा', 'आपला जिल्हा' शिकवताना हे सगळं उपयोगी पडेल.

शेजारी म्हणजे लवासा. चांदणी चौकातून पिरंगुट, तिथून मुठा, टेमघरचा घाट, की लवासा. पुण्यापासून साधारण साठ किलोमीटर. माझ्या वर्गातली निम्मी मुलं तिथे जाऊन आलेली. पावसाळी सहलीचं चित्र काढा म्हटलं की तलावाकाठच्या रंगीत इमारती हमखास येतात. इटलीतल्या पोर्टोफिनो नावाच्या बंदराच्या गावावरून तो काठ बेतलेला आहे. एका मुलाने चित्राखाली 'दासवे' असं लिहिलं होतं, कारण तिथल्या पाटीवर त्याने ते वाचलं होतं. शेजारच्याने विचारलं, "बाई, दासवे हे हॉटेलचं नाव आहे का?"

दासवे हे मुळशी तालुक्यातलं गाव आहे. नगरी यायच्या आधीपासूनचं. पण दहा वर्षांच्या मुलाला ते हॉटेलचं नाव वाटतं, यात त्या मुलाची काहीच चूक नाही.

मग मी फळ्यावर नळ काढला. आपल्या नळाला पाणी कुठून येतं? खडकवासल्याहून, हे सगळ्यांना पाठ असतं. पण खडकवासला धरण तसं लहान, दोन टीएमसीच्याही आत. खरा साठा त्याच्या वरच्या बाजूला, पानशेत, वरसगाव आणि टेमघरमध्ये. चारही मिळून साधारण 29 टीएमसी, त्यात एकट्या वरसगावचे 12.8. (मुलं टीएमसी म्हणजे काय विचारतातच. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, साधारण 2,831 कोटी लिटर. 'एका टँकरमध्ये दहा हजार लिटर, तर टँकर किती?' हे गणित आम्ही करून पाहिलं. शून्यं मोजताना वर्गात खूप गोंधळ झाला, पण मजा आली.)

वरसगावचं धरण मोसे नदीवर आहे. त्याच्या जलाशयाला वीर बाजी पासलकरांचं नाव आहे. मुलांनी चित्रात काढलेला 'लवासाचा तलाव' याच जलाशयाचा वरचा भाग. म्हणजे आपण पुण्यात पितो तेच पाणी. हे सांगितल्यावर वर्ग एकदम गप्प झाला. त्या खोऱ्यातल्या माणसांशी आपलं नातं सहलीचं नसून रोजच्या घोटाचं आहे, हे एवढ्या एका आकृतीतून मुलांना कळतं. आधी धरणासाठी तिथल्या गावांची नदीकाठची चांगली भातखाचरं पाण्याखाली गेली. काही कुटुंबांना पुनर्वसनात पार दौंडच्या बाजूला जमिनी मिळाल्या. ज्यांनी गाव सोडलं नाही ते डोंगराच्या वरच्या अंगाला सरकले. ही शहराची तहान झाली. शहराच्या सुटीचा नंबर पुढे लागला.

आता तारखा थोडक्यात. 1996 मध्ये राज्य सरकारने गिरिस्थान विकासाची नियमावली काढली. खाजगी कंपन्यांनाही थंड हवेची ठिकाणं वसवता यावीत हा तिचा हेतू. 2001 मध्ये मोसे खोऱ्यातली 18 गावं गिरिस्थान म्हणून अधिसूचित झाली. 2002 मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळाने जलाशयाकाठची जमीन भाडेपट्ट्याने कंपनीला दिली. 2008 मध्ये कंपनीला विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा मिळाला. नोव्हेंबर 2010 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोटीस काढली आणि काम थांबलं. नोव्हेंबर 2011 मध्ये पहिल्या टप्प्याच्या सुमारे 2000 हेक्टरला अटी घालून मंजुरी मिळाली. जमिनी कशा दिल्या, पाण्याच्या काठाच्या परवानग्या कशा दिल्या यावर कॅगनेही आक्षेप घेतले. 2017 मध्ये नियोजनाचे अधिकार काढून पीएमआरडीएकडे दिले गेले. 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

या यादीत सर्वांत महत्त्वाची ओळ कोणती, असं मी शिक्षक-कक्षात विचारलं. बहुतेकांनी 2010 ची नोटीस सांगितली, कारण तेव्हा पेपरात मोठमोठे मथळे होते. मला मात्र 2008 ची ओळ महत्त्वाची वाटते, आणि जावळीच्या त्या माऊलीच्या प्रश्नाचं उत्तरही तिच्यातच आहे. म्हणून ती नीट समजून घेऊ.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 नावाचा कायदा आहे. शहराची वाढ कशी व्हावी याचा आराखडा महापालिका किंवा नगरपालिका करते. पण एखाद्या भागासाठी सरकार वेगळं 'विशेष नियोजन प्राधिकरण' नेमू शकतं. मग त्या हद्दीत कुठे घरं, कुठे हॉटेल, कुठे रस्ता, कुठे बाग हे ते प्राधिकरण ठरवतं आणि बांधकामाची परवानगीही तेच देतं. महापालिका आवडो न आवडो, तिच्यात आपण निवडून दिलेला नगरसेवक असतो. प्राधिकरणात तसं कुणी नसतं. लवासाच्या बाबतीत तर ज्या कंपनीला बांधायचं होतं, तिलाच हे अधिकार मिळाले होते. मुलांच्या भाषेत सांगायचं तर पेपर सोडवणाऱ्यानेच पेपर काढायचा आणि तपासायचा.

याचा रोजच्या दिवसाशी संबंध काय? समजा गावातल्या एका घरात दोन भाऊ आहेत. धाकट्याचं लग्न ठरलं, एक खोली वाढवायची आहे. आजवर ग्रामपंचायतीत जायचं, सरपंच-ग्रामसेवकाशी बोलायचं आणि गवंडी लावायचा. हद्द प्राधिकरणाखाली गेली की त्याच खोलीसाठी नकाशा काढून घ्यायचा, फी भरायची, तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी असलेल्या कार्यालयात चकरा मारायच्या. खोली बेकायदा ठरेल का, ही भीती वेगळीच. शहरातल्या आपल्याला हे रोजचंच वाटेल. पण डोंगरातल्या माणसाला एक चकर म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं. ग्रामपंचायत राहते, सरपंच राहतो, ग्रामसभाही भरते. फक्त निर्णय दुसरीकडे गेलेले असतात.

दुसरी गोष्ट वाटांची. मला सर्वांत जास्त याच मुद्द्यावर थांबावंसं वाटतं. नकाशात रस्ता असतो, पायवाट नसते. गाव मात्र पायवाटांवरच चालतं. पाण्याची वाट, गुरं चरायला न्यायची वाट, देवराईची वाट, स्मशानाची वाट, वाडीवरून शाळेत यायची वाट. यातली निम्मी दुसऱ्याच्या बांधावरून जाते आणि त्याचा कुठे कागद नसतो. जमीन दादा-काकाच्या नावावर असते तोवर कागद लागतही नाही. मालक बदलला आणि तारेचं कुंपण पडलं की तीच वाट 'अतिक्रमण' होते. कालपर्यंत दहा मिनिटांवर असलेला झरा पाऊण तासावर जातो. पाणी बहुतेक ठिकाणी बायका आणि मुली आणतात, म्हणजे हा वाढलेला वेळ कुणाच्या दिवसातून जातो ते सांगायला नको. माझ्या त्या पालक म्हणाल्या, "आमच्याकडं एका रिसॉर्टवाल्यानं फाटक बसवलं तेव्हा आईला म्हशी विकाव्या लागल्या. चाऱ्याला जायला वाटच राहिली नाही." जमीन गेली नव्हती, घर गेलं नव्हतं, कुणी हाकललं नव्हतं. फक्त म्हशी गेल्या आणि दुधाचे पैसे गेले. असलं नुकसान कुठल्याच भरपाईच्या रकान्यात बसत नाही.

इथे एक उपयोगी माहिती. वहिवाटीची वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. शेतात जायला रस्ताच नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली बांधावरून रस्ता मागता येतो. हे गावाकडच्या पालकांना जरूर सांगा. मलाही हे आत्ताच कळलं.

जमिनीचं सांगायला गेलं तर एक वेगळा लेख होईल. थोडक्यात एवढंच की डोंगरातल्या सातबाऱ्यावर बारा-पंधरा नावं असतात. त्यातली निम्मी माणसं मुंबईत गिरणीच्या काळात गेलेली. एजंट आधी त्यांच्याकडे पोहोचतो. ज्याला तिथे राहायचं नसतं तो लवकर सही करतो, आणि जो राहतो त्याच्या वाट्याला कोर्टकचेरी येते. कातकऱ्यांसारख्या समाजाचं तर बहुतेकदा सातबाऱ्यावर नावच नसतं. आदिवासींची जमीन बिगरआदिवासीला परवानगीशिवाय देता येत नाही असा कायदा आहे, कमाल जमीन धारणेच्या कायद्याखाली वाटलेल्या जमिनीवरही बंधनं असतात. लवासा प्रकरणात अशा जमिनींच्या व्यवहारांची चौकशी झाली होती. भाव वाढला की गावाला पैसा मिळतो हे खरं आहे. पण तो एकदाच मिळतो. आणि त्याच वाढलेल्या भावामुळे गावातल्या पोराला पुढे गावातच गुंठाभर जागा परवडत नाही.

आता शाळा. आपण शिक्षक आहोत, तेव्हा हे आपल्याला लगेच कळेल. कुटुंबं हलली की जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट घसरतो. वीसच्या खाली पट गेला की त्या शाळेच्या डोक्यावर टांगती तलवार. 2023 मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विषय निघाला, तेव्हा उदाहरण म्हणून नंदुरबारच्या तोरणमाळसोबत आपल्या पानशेतच्या समूह शाळेचं नाव घेतलं गेलं होतं. पानशेत म्हणजे वरसगावच्या अगदी शेजारचं खोरं. समूह शाळेत सोयी जास्त असतात हे मी नाकारत नाही. पण पाच-सहा वर्षांचं लेकरू पावसाळ्यात घाटातून बसने येणार, आणि बस बंद पडली तर घरी बसणार. सातवी-आठवीतल्या मुलीला तर 'राहू दे आता' म्हणणारे घरचेच असतात. पर्यटनाच्या आराखड्यात 'शैक्षणिक सुविधा' म्हणून जो लाल ठिपका असतो, तो या मुलीसाठी असेलच असं नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मुलांना अर्धवट शिकवल्यासारखं होईल. रस्ता आला. वीज नीट आली. बाळंतपणाला किंवा सर्पदंशाला दवाखान्यात वेळेत पोहोचणं ही डोंगरात लहान गोष्ट नाही. बांधकाम, बागकाम, हॉटेलातली कामं, वॉचमन, ड्रायव्हर, भाजीचा गाडा. शहरात दहा बाय दहाच्या खोलीत राहण्यापेक्षा घरी राहून पगार मिळाला तर कुणाला नको आहे? माझ्या पालकांचा भाऊ म्हणतो, "प्रकल्प आला तर मी परत गावाला येईन." त्याला विरोधक म्हणायचं की समर्थक? तो म्हणतो, येऊ दे, पण मला विचारून येऊ दे. आपल्याकडे चर्चा चटकन 'विकास हवा की नको' अशी दोन फळ्यांत वाटली जाते, आणि हा भाऊ कुठल्याच फळीत बसत नाही. अशी माणसंच जास्त असतात.

पण पगाराचं एक आहे. तो बाहेरून येतो आणि बाहेरूनच थांबतो. लवासाचं काम 2010 मध्ये थांबलं, पुन्हा सुरू झालं, आणि 2018 मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेलं. तिथे काय होतं ते सोपं करून सांगते. कंपनीने ज्यांचे पैसे देणं लागतं त्यांची समिती बसते. बँका असतात. घरासाठी पैसे भरलेल्या ग्राहकांनाही कायदा तिथे जागा देतो. नवा खरेदीदार योजना मांडतो, समिती मत देते. जुलै 2023 मध्ये 1,814 कोटींची एक योजना मंजूर झाली. ती अमलात आली नाही, म्हणून सप्टेंबर 2024 मध्ये मंजुरी रद्द झाली आणि प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून. त्या टेबलाभोवती बँकेची खुर्ची आहे, फ्लॅटवाल्याची आहे. ज्याच्या वाडीची वाट बदलली, झरा बदलला, पोटाचा धंदा भातावरून वॉचमनगिरीवर गेला, त्याची खुर्ची नाही. कारण त्याचं देणं पैशांत लिहिलेलं नाही. शेती सोडून नोकरी धरली, आता नोकरी डळमळली तर पडीक खाचर पुन्हा लावणीला आणायचं म्हणजे दोन-तीन वर्षांचं काम. कागदावरची योजना बंद पडते, तेव्हा तीही गावाच्याच अंगावर पडते. जुलै 2024 च्या पावसात लवासात दरड कोसळून दोन बंगले तिच्याखाली आले. डोंगर कापला तर काय होतं, हे आता कुठल्या पुस्तकातून शिकवायची गरज नाही.

सहावी-सातवीचे शिक्षक असाल तर इथे इतिहास जोडून घ्या. याच मुळशी तालुक्यात शंभर वर्षांपूर्वी, 1921 मध्ये, सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. टाटा कंपनीच्या धरणात मावळ्यांची भातशेती जाणार होती आणि वीज मुंबईला मिळणार होती. धरण झालंच. पण आधी विचारल्याशिवाय जमीन घ्यायची नाही हा मुद्दा तेव्हा शेतकऱ्यांनी इतक्या स्पष्टपणे मांडला, की आजही त्यात फार भर घालावी लागत नाही. एकाच तालुक्याकडून आधी मुंबईसाठी वीज, मग पुण्यासाठी पाणी आणि नंतर दोन्ही शहरांच्या शनिवार-रविवारसाठी डोंगर मागितला गेला. जावळी-कोयनेकडेही असंच. तिथे 1960 च्या दशकात कोयना धरण, नंतर अभयारण्य, 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, 2012 मध्ये कास पठार जागतिक वारशाच्या यादीत, आणि आता हा आराखडा. प्रत्येक गोष्ट वेगवेगळी पाहिली तर तिला कारण आहे. पण ज्याच्या दारात त्या सगळ्या एकामागोमाग आल्या, त्याने किती वेळा सरकायचं?

पर्यटन दुसऱ्या पद्धतीनेही होतं. मालवण-वेंगुर्ल्याकडे लोक आपल्याच घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात, मासे-सोलकढी खिलवतात. 1997 मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, त्यानंतर मोठमोठ्या प्रकल्पांना तिथल्या गावांनी अडवलंही आणि घरगुती न्याहारी-निवास मात्र आपणहून वाढवला. 2020 मध्ये राज्याने कृषी पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात शेतकरी स्वतः यजमान असतो. पाहुणा आला तर म्हैस विकावी लागत नाही, उलट पाहुण्याला तिचंच दूध दाखवता येतं. यातून सगळ्यांचं भागेल असा माझा दावा नाही. दोन खोल्यांवर घाट बांधला जात नाही हेही खरं.

आता वर्गातला उपक्रम. चौथी-पाचवीला चालतो, दोन तासिका पुरतात.

पहिल्या दिवशी मी एका काल्पनिक डोंगरी गावाचा नकाशा दिला. फक्त नदी, डोंगर आणि मोठा रस्ता. गटांना सांगितलं, इथे छान पर्यटन नगरी वसवा. मुलांनी हॉटेलं, जलतरण तलाव, रोपवे, एका गटाने तर डायनोसोर पार्कही काढलं. वीस मिनिटांत कागद भरले. काय सुंदर रंगवले होते!

दुसऱ्या दिवशी तोच नकाशा पुन्हा दिला. या वेळी सोबत चिठ्ठ्या होत्या. आजी रोज झऱ्यावर जाते. काका गुरं घेऊन वरच्या पठारावर जातो. वाडीतली सहा मुलं ओढा ओलांडून शाळेत येतात. देवीची जत्रा देवराईत भरते. कातकरी कुटुंबं पावसाळ्यात ओढ्यात मासे पकडतात. प्रत्येक चिठ्ठीची वाट तुटक रेषेने काढायची. मग तो कागद कालच्या कागदावर ठेवून खिडकीच्या काचेवर धरायचा.

आजीची वाट जलतरण तलावातून गेली. शाळेची वाट डायनोसोरच्या पोटातून. मुलं हसली. मग एक मुलगी म्हणाली, "बाई, पण काल तुम्ही आम्हाला आजीचं सांगितलंच नव्हतं ना!" मी म्हटलं, बरोबर, नव्हतं सांगितलं. पुढे गटांनी आपापल्या नगऱ्या पुन्हा काढल्या. एकाने तलाव सरकवला. एकाने आजीला घरात नळ दिला. एका गटाने काहीच बदललं नाही, 'आजीला शहरात न्यायचं' असं ठरवलं. मी त्यांना चूक म्हटलं नाही. फक्त म्हटलं, आजीला विचारलं का? आजीची चिठ्ठी ज्याच्या हातात होती तो उभा राहिला आणि म्हणाला, "मी नाही येणार." त्यावरून जी वादावादी झाली ती मला घंटा होईपर्यंत थांबवता आली नाही.

पालकांसाठी शेवटची माहिती, कारण ती खरी तातडीची आहे. प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली की नागरिकांना हरकती आणि सूचना लेखी द्यायला मुदत असते, साधारण महिनाभर. त्यानंतर सुनावणी होते आणि मग योजना मंजुरीला जाते. हरकत मराठीत, साध्या कागदावर देता येते. वकील लागत नाही. गावाचं नाव, गट नंबर, नकाशात काय दाखवलंय, प्रत्यक्षात तिथे काय आहे आणि काय बदल हवा, एवढं लिहायचं. 'आमचा प्रकल्पाला विरोध आहे' या एका ओळीपेक्षा 'गट नंबर अमुकमधून आमची पाण्याची पिढ्यान्‌पिढ्याची वाट आहे, ती आराखड्यात दाखवा' ही ओळ टाळायला अवघड जाते. पोच घ्यायची, प्रत जपून ठेवायची. ग्रामसभेचा ठराव जोडला तर उत्तम. आणि वेळेत द्यायची. लवासाविरुद्धची एक जनहित याचिका 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाली काढली, तेव्हा कारभारावर बोट ठेवूनही न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. कारण याचिका फार उशिरा आली होती.

त्या दिवशी आम्ही दोघींनी मुदत मोजली, नऊ दिवस उरले होते. पीडीएफमधला नकाशा मी मोठा करून शाळेच्या प्रिंटरवर काढला. रंग नीट आले नाहीत. तिने त्यावर पेनने रेषा मारायला सुरुवात केली. ही आईची झऱ्याची वाट, ही काळूबाईच्या देवळाची, इथून आम्ही शाळेत जायचो. तिचा मुलगा शेजारी बसून बघत होता. त्याने विचारलं, "आई, तू एवढं चालायचीस?"

शुक्रवारी रात्री स्वारगेटहून ती साताऱ्याच्या एसटीत बसली. सोबत तो नकाशा आणि कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा होता. भावकीतल्या प्रत्येकाने वेगळी हरकत द्यायची असं ठरलं होतं. सोमवारी मुलगा शाळेत आला नाही. मंगळवारी आला तेव्हा त्याच्या दप्तरात सात पोचपावत्यांच्या झेरॉक्स होत्या. बाईंकडे ठेवायला सांगितल्यात, म्हणाला.